मुलांची भाषा येत नसताना त्यांना इंग्रजी शिकवण्याचा माझा अनुभव

इंग्रजी अजिबात न येणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलांचा वर्ग मी हाती घेतला, तेव्हा त्यांची घरची भाषा मला येत नव्हती. त्यामुळे शब्द उच्चारायचा आणि लगेच त्याचा अर्थ मुलांच्या भाषेत सांगायचा, हा नेहमीचा मार्ग माझ्यासाठी बंद होता. या अडचणीतून जी पद्धत घडत गेली, तीच आज मला सर्वांत भरवशाची वाटते.

सुरुवात मी अक्षरांपासून केली नाही. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांडलेली ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ ही पद्धत मी प्रशिक्षणात शिकले होते. तिच्यात शिक्षक आज्ञा देतो, ती स्वतः करून दाखवतो आणि मुले एक शब्दही न बोलता तीच कृती करतात. ‘स्टँड अप’, ‘टच युअर नोज’, ‘ओपन द बुक’ अशा आज्ञांवर वर्ग लवकरच सराईतपणे हलू लागला. पण मुले माझे शब्द ऐकून हलतात की माझ्याकडे किंवा शेजाऱ्याकडे पाहून, हे त्यावरून कळत नव्हते. म्हणून मी स्वतः कृती करणे थांबवले, मुलांना दोघादोघांच्या गटांत पुढे बोलावले आणि ओळखीच्या शब्दांची कधीही न ऐकलेली जुळणी त्यांच्यासमोर ठेवली. ‘टच’ माहीत होते आणि ‘डोअर’ही माहीत होते, मात्र ‘टच द डोअर’ हे त्यांनी पूर्वी ऐकले नव्हते. ते ऐकून एक मुलगा क्षणभर थबकला आणि थेट दाराकडे धावला, तेव्हा त्याला पाठ केलेले आठवले नव्हते, तर नवे वाक्य समजले होते, याविषयी मला शंका उरली नाही. पुढे कोणताही नवा शब्द शिकवून झाला की मी अशीच परीक्षा घेत असे.

कित्येक आठवडे काही मुले इंग्रजीत काहीच बोलली नाहीत. दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलांमधील या मूक काळाविषयी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी लिहिले आहे, पण प्रत्यक्ष वर्गात त्या शांततेने पालक अस्वस्थ होतात आणि ते स्वाभाविकही आहे. एका मुलीची आई रोज विचारत असे की ही बोलणार कधी. ती मुलगी प्रत्येक आज्ञा अचूक पाळत होती, हे मी आईला वर्गात बसवून दाखवले. तिच्यावर बोलण्याची सक्ती मी केली नाही, मात्र उत्तराची पायरी हळूहळू उंचावत नेली. आधी चित्राकडे बोट दाखवायचे, मग मान हलवून हो किंवा नाही सांगायचे आणि त्यानंतर ‘रेड ऑर ब्लू?’ असा प्रश्न यायचा, ज्यात उत्तराचा शब्द प्रश्नातच ऐकू येतो. तिचा पहिला स्वतंत्र शब्द याच पायरीवर आला.

वाचनाकडे वळताना मी अधिक सावध होते. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४, आणि अक्षरांची नावे जोडून शब्द वाचता येत नाही. ‘सी’, ‘ए’, ‘टी’ कितीही वेळा म्हटले तरी त्यातून ‘कॅट’ ऐकू येत नाही. म्हणून मी ध्वनींपासून आणि एस, ए, टी, पी, आय, एन या प्रचलित क्रमाने आरंभ केला, कारण एवढ्या अक्षरांत ‘सिट’, ‘टॅप’, ‘पिन’ असे बरेच शब्द तयार होतात. मात्र ही पद्धत मुख्यतः इंग्रजी आधीपासून बोलणाऱ्या मुलांसाठी घडलेली आहे. अशा मुलाने ‘पिन’चे ध्वनी जुळवले की ओळखीचा शब्द त्याच्या कानावर पडतो, माझ्या मुलांनी जुळवले असते, तर केवळ आवाज उरला असता. त्यामुळे जो शब्द कानाने कळलेला नाही तो फळ्यावर लिहायचा नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या, वाचनात वारंवार येणाऱ्या २२० शब्दांच्या यादीतील ‘ऑफ’, ‘वॉज’ यांसारखे शब्द चित्राने दाखवता येत नाहीत, म्हणून ते मी सुटे न देता वाक्यांतच दिले.

चुका मी थांबवून दुरुस्त करत नसे. ‘शी गो’ असे कानावर आले की ‘येस, शी गोज टू द डोअर’ असे उत्तर देऊन पुढे जात असे. क्रियापदाला लागणारा हा ‘एस’ इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या बोलण्यातही ‘गोइंग’मधल्या ‘आयएनजी’नंतर स्थिरावतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये दाखवले होते, आणि जे उशिराच येणार त्यासाठी नवख्या मुलाचे बोलणे तोडणे मला अन्यायाचे वाटते.

वर्गात घरची भाषा बोलण्यास मी कधी मनाई केली नाही. एखाद्या मुलाला खेळाचा नियम समजला की तो शेजाऱ्याच्या कानात आपल्या भाषेत सांगत असे आणि माझे काम सोपे होत असे. घरीही इंग्रजीच बोलावे का, असे पालक विचारत, तेव्हा मी ठामपणे नाही म्हणत असे आणि मुलांना आपल्या भाषेतच गोष्टी सांगण्याचा आग्रह धरत असे. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मते नव्या भाषेत रोजचे बोलणे साधारण दोन वर्षांत जमते, तर अभ्यासाची भाषा येण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात. तेवढा काळ मुलाचे विचार करणे थांबवून ठेवता येत नाही.

वर्ग पुढच्या शिक्षिकेकडे सोपवताना मी प्रत्येक मुलाच्या नोंदीत दोन रकाने ठेवले, एक समजण्याचा आणि दुसरा बोलण्याचा. उशिरा बोलू लागलेल्या त्या मुलीचा पहिला रकाना पूर्ण भरलेला होता आणि दुसऱ्यात थोडेच शब्द होते. तिला प्राथमिक गटात मागे ठेवू नये, अशी स्पष्ट सूचना मी तिच्या नावापुढे लिहून दिली.