नऊ दिवस, मग सहा: अर्धशिशीच्या औषध-चाचणीतला माझा अनुभव

आईला अर्धशिशी होती. दुखायला लागलं की ती माजघरात काळोख करायची, कपाळाला सुंठेचा लेप, वरून पदराची घट्ट पट्टी, आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायचा उपायही आजीने तिच्याकडून करून घेतला होता. मला कॉलेजात असताना पहिल्यांदा तसं दुखलं तेव्हा घरात निदान तयारच होतं, "पित्त झालंय." उलटी झाली की जरा उतरायचं, म्हणजे पित्तच. पुढची वीस वर्षं मी हेच धरून चालले.

मी पुण्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. डाव्या डोळ्यामागे ठोके पडायला लागले की ट्यूबलाइट सहन होत नाही, आणि गड्डी दोन-दोनदा मोजावी लागते. एका मार्चअखेरीला कॅशमध्ये 500 रुपयांचा फरक आला. तो रात्री सापडला, पण त्या संध्याकाळी मी मोरीत उलट्या करत बसले होते आणि बाहेर तीन माणसं माझ्यासाठी खोळंबली होती. दुसऱ्या दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "महिन्यात किती दिवस दुखतं?"

"सारखंच."

"सारखं म्हणजे किती?"

मला सांगता येईना. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणारी मी, स्वतःचं दुखणं कधी मोजलंच नव्हतं. मग त्यांनी पर्समधली पाकिटं बाहेर काढायला लावली. अर्गोटामिन आणि कॅफीन असलेली ती गोळी मी महिन्याला सहज तेरा-चौदा दिवस घेत होते. मॅडम म्हणाल्या, असली गोळी महिन्यात 10 किंवा जास्त दिवस आणि तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकं दुखवायला लागते. हे मला आजवर एकाही मेडिकलवाल्याने किंवा डॉक्टरने सांगितलं नव्हतं. याचा राग मला अजून आहे.

त्यांच्याकडे एक चाचणी चालू होती. डोक्यातल्या मज्जातंतूंतून सुटणारा सीजीआरपी नावाचा पदार्थ जिथे जाऊन चिकटतो ती जागा अडवणारी रोज घ्यायची गोळी, आणि तिने दुखण्याचे दिवस कमी होतात का ते बघायचं. पण गोळ्यांचा अतिरेक असलेला रुग्ण त्यात चालत नाही. "आधी हे सोडा, तीन महिन्यांनी या," म्हणाल्या. सोडल्यावरचे पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. पुढे मात्र दुखणं सुटं झालं. आज दुखतंय, आज नाही, असं कळायला लागलं.

घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "उंदरासारखे प्रयोग करून घेणार का तू?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या. माहितीपत्रक बावीस पानांचं होतं, मराठीत, पण वाक्यं अशी की दोनदा वाचावी लागत. "यादृच्छिकीकरण" या शब्दावर मी अडले, तर तिथल्या समन्वयक मुलीने सांगितलं, "ताई, म्हणजे संगणक चिठ्ठी काढतो. खरी गोळी की नुसतीच तशी दिसणारी, प्लासिबो, ते तो ठरवतो. मलाही कळणार नाही, मॅडमनाही नाही." मी ती पानं घरी नेली. चार दिवसांत सगळ्यांनी वाचली.

भाच्याने पत्रकावरचा नोंदणी क्रमांक सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकून बघितला. आपल्या देशातल्या चाचण्यांची ही नोंदवही 2007 पासून आहे, आणि कुणालाही उघडून बघता येते. चाचणी तिथे सापडली, किती रुग्ण घेणार आणि काय मोजणार तेही लिहिलेलं होतं. यांचा सूर तिथेच बदलला. शिवाय औषध-चाचण्यांच्या 2019 च्या सरकारी नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई, कधीही कारण न देता बाहेर पडायची मोकळीक, आणि शेवटच्या पानावर नीतिमत्ता समितीचा फोन. त्या समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूसही असावा लागतो. मी त्या नंबरवर फोन केला. उचलला गेला. मग सही केली.

रक्त, लघवी, ईसीजी, रक्तदाब हे सगळं एका सकाळीत उरकलं. गर्भ नाही ना याची चाचणी दर खेपेला होते. एक्केचाळिसाव्या वर्षी तीच ती प्रश्नावली ऐकून अवघडल्यासारखं व्हायचं, पण कारण खरं आहे, पोटातल्या बाळावर नव्या औषधाचा काय परिणाम होईल हे कुणाला ठाऊक नसतं.

त्यानंतर चार आठवडे औषध नाही, फक्त डायरी. किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, एका बाजूला की दोन्ही, ठणका की जडपणा, उलटी, उजेड, आवाज, कोणती गोळी घेतली. रोज, दुखलं नाही तरी. हे चार आठवडे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, कारण पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा राहतो.

आणि तिथेच मी चुकले. मामेबहिणीच्या लग्नाला सांगलीला गेले, चार दिवस डायरी बॅगेतच राहिली. परतताना एसटीत बसून चारही दिवस आठवून भरले. समन्वयक मुलीने पान उजेडाकडे धरलं.

"ताई, 11 ते 14 एकाच बैठकीत लिहिलंय का?"

मी हो म्हटलं. ती रागावली नाही. "मग आपण तसंच लिहू या. आठवणीतलं आहे म्हणून." मी खोडायला लागले तर तिने हात धरला. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. मला धस्स झालं. कॅशबुकात चूक दुरुस्त करायची आमची पद्धत हीच. मागल्या तारखेचं व्हाउचर करणाऱ्याला मी स्वतः कामावर झापलं होतं, आणि इथे मी तेच करून बसले होते. त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. डायरी पोळपाटाशेजारी ठेवली, रात्री ओटा पुसला की लिहायची.

चार आठवड्यांचा आकडा निघाला नऊ. चाचणीच्या अटीत बसणारा. वीस वर्षांत माझ्या दुखण्याला पहिल्यांदाच आकडा मिळाला, आणि मला मॅडमसमोर रडू आलं.

मग बारा आठवडे गोळ्या. डबीवर नाव नाही, नुसता क्रमांक. दर खेपेला उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या. फार्मसीतले दादा त्या निळ्या ताटलीत ओतून चपट्या चमच्याने पाच-पाच करत सरकवायचे, अगदी आमची नाणी मोजावीत तशा. एकदा हिशेबापेक्षा एक गोळी जास्त निघाली. कुठल्या दिवशी राहिली ते मी डायरीत शोधून दिलं.

पहिल्या महिन्यात सात दिवस दुखलं, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यातही सहाच.

रांगेत बसले असताना मॅडमनी मागचा इतिहास सांगितला होता. 1990 मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी अर्धशिशीचा झटका चालू असताना रुग्णांच्या मानेच्या शिरेतलं रक्त तपासलं आणि त्यात सीजीआरपी वाढलेलं सापडलं. पुढे कोपनहेगनमध्ये अर्धशिशी असलेल्यांना तेच सीजीआरपी शिरेतून दिलं, आणि डोकं दुखायला लागलं. त्यावरून अडवणारी औषधं निघाली. 2018 साली अमेरिकेत पहिल्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली, आणि मेंदूसंशोधनासाठी दिला जाणारा 2021 चा ब्रेन प्राइज ज्या चौघांना मिळाला त्यांत हे दोघे होते. माझ्या डोक्यात मात्र ते रुग्ण राहिले. ठणका चालू असताना, साधा पंख्याचा आवाज नको असताना, कुणीतरी मान पुढे केली. दुखणार हे माहीत असून कुणीतरी हात पुढे केला.

चाचणी संपल्यावर मी कुठल्या गटात होते ते लगेच सांगत नाहीत, सगळीकडचे रुग्ण पूर्ण व्हावे लागतात. पण वर्ष उलटूनही कुणी कळवलं नाही, मीच तीनदा फोन केले. हे बरोबर नाही. सही करतानाच "मला निकाल कधी आणि कोण सांगणार" हे विचारून लिहून घ्या, आणि चाचणीनंतर औषध चालू ठेवता येईल का, तेही.

शेवटी फोन आला. प्लासिबो.

हे म्हणाले, "म्हणजे सगळं फुकट गेलं की." मी तेव्हा चिडून बोलले, पण आजही तेच बोलेन. नऊचे सहा औषधाशिवाय झाले. वेळेवर झोप, जुनी गोळी बंद, कुणीतरी लक्ष देऊन विचारतंय, बरं वाटेल ही आशा, कशाने ते वेगळं काढता येणार नाही. पण माझे सहा लिहिलेले नसते तर शेजारच्या बाईचे चार हे गोळीमुळे झाले की असेच, ते कसं कळलं असतं? दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय ताळा जुळत नाही.

आता मॅडमनी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलंय. हे मूळचं हृदयाचं औषध. 1960 च्या दशकात छातीत दुखणाऱ्या रुग्णांना देताना त्यांची अर्धशिशीही कमी झाली, तेव्हा ध्यानात आलं. डायरी चालूच आहे, आता शंभरपानी वहीत रेघा मारून. परवा आई आली होती, चष्मा लावून पानं उलटत बसली. मग तिने विचारलं, रकाना कुठे संपतो आणि "उजेड" म्हणजे नक्की काय लिहायचं. मी तिला वेगळी वही आणून दिली आहे.