पायलट जहाजावर असताना अपघात होतोच कसा?

मी जहाजावरचा माणूस; सुट्टीवर गावी आलो की हा प्रश्न ठरलेला. २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं तेव्हा विचारला गेला, २०२४ मध्ये डाली या जहाजाने अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा पूल पाडला तेव्हाही. दोन्ही जहाजांवर दोन-दोन पायलट होते आणि खलाशी बहुतेक सगळे भारतीय. डालीची गोष्ट वेगळी. तिथे जहाजाची वीजच गेली होती. पायलटने वेळेवर कळवल्यामुळे पुलावरची वाहतूक थांबवता आली, पण पुलावर काम करणारे सहा मजूर गेले.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझं उत्तर दुसऱ्याच एका जहाजात आहे.

पायलट म्हणजे त्या बंदराचं पाणी हाताच्या रेषांसारखं ओळखणारा माणूस. दोरीच्या शिडीने वर येतो, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, उभा राहून सुकाण्याचे आणि इंजिनाचे हुकूम देतो. पण जहाजाची जबाबदारी कॅप्टनचीच राहते. आमच्याकडे म्हणतात, ‘मास्टर्स ऑर्डर्स, पायलट्स ॲडव्हाइस’: हुकूम कॅप्टनचा, सल्ला पायलटचा. म्हणजे एका जहाजावर दोन जाणते, आणि दोघांची भेट अर्ध्या तासापूर्वीची.

७ नोव्हेंबर २००७. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दाट धुकं. कॉस्को बुसान हे २७५ मीटर लांबीचं कंटेनर जहाज ओकलंडहून निघालं. पायलट त्या खाडीत अनेक वर्षं काम केलेला. कॅप्टन आणि खलाशी चिनी, या जहाजावर येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. निघण्यापूर्वी पायलट आणि कॅप्टनने बसून मार्गाबद्दल नीट बोलायला हवं होतं, ते झालंच नाही. वाटेत पायलटने इलेक्ट्रॉनिक नकाशावरच्या लाल त्रिकोणांबद्दल विचारलं. कॅप्टनच्या उत्तरावरून तो धरून चालला की ही वाटेतल्या पुलाच्या गाळ्याची मधली जागा. खरं तर ती पुलाच्या खांबाजवळच्या बोयांची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या निशाण्यांची, खूण होती. जहाज खांबाकडे वळत गेलं. किनाऱ्यावरच्या वाहतूक केंद्राला दिशा खटकली. त्यांनी रेडिओवर विचारलं, उत्तर मिळालं, आणि विषय तिथेच थांबला. जहाजाची कड खांबाला घासली, टाकी फाटली, सुमारे दोन लाख लिटर इंधन खाडीत गेलं. हजारो पक्षी मेले.

चौकशीत निघालं की पायलट घेत असलेल्या औषधांनी त्याची विचारशक्ती मंदावली होती. पुढे त्याला दहा महिन्यांची कैद झाली. बहुतेक लोक इथेच थांबतात: पायलट दोषी, विषय संपला. मला ते पुरत नाही. त्याच अहवालात पायलट आणि कॅप्टन यांच्यातला अपुरा संवाद आणि कॅप्टनची कमी पडलेली देखरेखही नोंदली आहे. नकाशावरची साधी खूण विचारावी लागणारा पायलट पाहून कॅप्टनच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. कदाचित चुकचुकलीही असेल. परक्या बंदरात, परक्या भाषेत, तिथल्या माणसाला ‘थांबा’ म्हणायला जीभ वळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

थर्ड ऑफिसर, म्हणजे ब्रिजवरचा धाकटा अधिकारी, असताना एका नदीतल्या बंदरात रात्री जात होतो. माझं काम सुकाण्याच्या काट्यावर नजर ठेवणं. पायलट म्हणाला, ‘पोर्ट टेन’, म्हणजे सुकाणू दहा अंश डावीकडे. सुकाणीवाल्याने बरोबर म्हटलं, ‘पोर्ट टेन’, आणि चाक स्टारबोर्डला, म्हणजे उजवीकडे, फिरवलं. काटा उजवीकडे सरकताना मला दिसत होता. कॅप्टन आणि पायलट बोलत होते. दोन सेकंद माझं तोंड उघडलं नाही. वयाने, हुद्द्याने मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे मी घरात शिकलो होतो. मग ओरडलो, आणि सुकाणू वेळेत फिरलं. काहीच झालं नाही, म्हणून कुठे नोंदही नाही. ते दोन सेकंद मला अजून आठवतात.

धाकट्याने वेळेवर बोललंच पाहिजे, हा धडा विमानवाल्यांनी १९७७ मध्ये टेनेरिफ बेटावर दोन विमानं धडकून ५८३ माणसं गमावल्यावर मनावर घेतला. आमच्याकडे ‘ब्रिज रिसोर्स मॅनेजमेंट’, म्हणजे ब्रिजवरच्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलत काम करण्याचं शिक्षण, सक्तीचं झालं ते खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनंतर. कोर्स चांगला आहे, पण पहाटे तीन वाजता, धुक्यात, थकलेल्या पोराला धीर द्यावा लागतो तो कॅप्टनलाच.

म्हणून कॅप्टन झाल्यावर पायलट वर आला की मी आधी कॉफी देत असे आणि मग माझ्या थर्ड ऑफिसरला पुढे करून म्हणत असे, “पायलटसाहेब, याने मध्येच काही विचारलं तर मीच विचारतोय असं समजा.” बोलायचो पायलटशी, पण बघायचो त्या पोराकडे.