पेट स्कॅन आणि जाऊबाईंचा खांदा

आमच्या भिशीत परवा पुन्हा तोच विषय निघाला. चाळिशी उलटली, तर कॅन्सर शोधायला सगळ्यांनीच एकदा पेट स्कॅन करून टाकायचा का? नको बायांनो. मोठ्या जाऊबाईंबरोबर हे सगळं पाहिलंय, म्हणून लिहिते.

त्यांची गाठ पेट स्कॅनने सापडली नाही, आंघोळ करताना हाताला लागली. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, आणि सुई घालून बायोप्सी. कॅन्सर आहे हे बायोप्सीने ठरलं. गाठ मोठी होती, म्हणून तो आणखी कुठे पोचलाय का, एवढंच बघायला पेट-सीटी, म्हणजे सीटीसोबतचा पेट स्कॅन, सांगितला.

स्कॅनआधी टोचायचं औषध मुंबईहून गाडीने यायचं होतं. फ्लोरिन-१८ लावलेलं ग्लुकोज. त्यातला किरणोत्सर्ग ११० मिनिटांत निम्मा होतो. त्यामुळे कसारा घाटात एखादा कंटेनर आडवा झाला, की इकडे नाशकात उपाशी पेशंट ताटकळलेले! तिथला टेक्निशियन म्हणाला, "मावशी, पावणेचार तास लागले तर पाऊण माल वाटेतच संपतो. म्हणून निघतानाच जास्त भरून देतात."

जाऊबाई पिंपळगाव बसवंतच्या, सगळा जन्म द्राक्षबागेत. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून तिथे जास्त चमक दिसते, हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे व्यापारी मण्याची गोडी मोजतो तसंच की गं." इंजेक्शननंतर तासभर पांघरूण घेऊन पडून राहायचं, बोलायचंसुद्धा नाही. उपास त्यांना सोपा गेला, गप्प बसणं जड.

रिपोर्टात गाठ चमकली, काख स्वच्छ, पण उजवा खांदाही चमकला. घरात रडारड. डॉक्टरांनी हाताची हालचाल करून बघितली, एक्स-रे काढला. सांध्याची जुनी सूज! वर्षानुवर्षं मांडवाखाली हात वर करून छाटणी केल्यावर दुसरं काय होणार? सूज, जंतुसंसर्ग, टीबीच्या गाठी, सगळंच साखर खातं. धडधाकट बाईने हौसेने स्कॅन करायचा, आणि मग अशा चमकेमागे धावायचं? किरणोत्सर्ग फुकटचा अंगावर घ्यायचा तो वेगळाच.

उलट, कॅन्सरची अगदी बारीक लागण पेटला दिसतही नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी स्तनाग्राजवळ टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचं इंजेक्शन दिलं. ते लसिकेतून काखेतल्या पहिल्या लसिकागाठींपर्यंत जातं, आणि गॅमा प्रोब, म्हणजे किरणं टिपणारं यंत्र, तिथे नेला की आवाज वाढतो. तेवढ्याच गाठी काढून तपासल्या, याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. निर्मळ निघाल्या, बाकीच्या वाचल्या. काखेतल्या सगळ्या काढल्या असत्या तर हात सुजायची भीती जास्त. मला विचाराल तर पेटपेक्षा ही तपासणी जास्त कामाची ठरली, पण भिशीत तिचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

कुणाला खरंच पेट सांगितला असेल, तर मधुमेहाच्या गोळ्यांचं आधीच विचारून घ्या. मेटफॉर्मिनने आतडी चमकतात. आणि अंगात किरणोत्सर्ग असतो, म्हणून त्या दिवशी लहान पोरांना मांडीवर घ्यायचं नाही. यावरून जाऊबाई माझ्याशी भांडल्या होत्या, नात रडत होती म्हणून.