सिस्टम३२ मधल्या अनोळखी फायली : ओळख पटवण्याचा माझा अनुभव

विंडोजच्या मुख्य फायली जिथे असतात ते सिस्टम३२ फोल्डर तारखेप्रमाणे लावलं की हजारो फायलींच्या वर अशी काही नावं येऊन बसतात, की ती कुणी ठेवली, कशासाठी ठेवली, काही कळत नाही. ६४ बिट विंडोज १० असलेल्या एका संगणकावर अशा नऊ फायली मी बाजूला काढल्या आणि एकेकीचा छडा लावला. तो ज्या क्रमाने लावला तोच इथे देतो, कारण या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. बहुतेक जण पहिल्याच पायरीवर फाइलचं नाव शोधयंत्रात टाकतात. तिथे एक जण 'व्हायरस आहे' म्हणतो, दुसरा 'विंडोजचीच आहे' म्हणतो, आणि बघणारा घाबरून ती काढून टाकतो.

नावावर विसंबून काय होतं हे २००१ आणि २००२ साली जगाने पाहिलं आहे. आधी सल्फएनबीके.ईएक्सई आणि मग जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई या फायली व्हायरस असल्याच्या ईमेल फिरल्या. दुसरीचं चिन्ह अस्वलाच्या पिल्लाचं होतं, त्यामुळे लोकांचा लगेच विश्वास बसला. दोन्ही फायली विंडोजच्याच होत्या: पहिली लांब नावांचा बॅकअप घेणारी, दुसरी जावाच्या डीबगरशी संबंधित. असंख्य लोकांनी त्या स्वतःच्या हाताने काढून टाकल्या.

सुरुवातीला फोल्डर नीट दिसण्याची व्यवस्था करायची. एक्सप्लोररच्या पर्यायांमध्ये लपवलेल्या फायली दाखवा, संरक्षित सिस्टम फायली लपवण्याची खूण काढा आणि एक्स्टेन्शन दिसू द्या. एक्स्टेन्शन दिसत नसेल तर 'अहवाल.पीडीएफ.ईएक्सई' हे नुसतं 'अहवाल.पीडीएफ' दिसतं. यापेक्षा जास्त फसवणारी गोष्ट वेगळीच आहे. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ मध्ये ६४ बिटच्या फायली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटच्या. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. एखादा ३२ बिटचा फाइल मॅनेजर किंवा शोधसाधन सिस्टम३२ उघडायला गेलं, तर विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४ कडे वळवते. एका साधनात फाइल दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही, असं झालं की निम्म्या वेळा कारण हेच निघतं. म्हणून मी कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडतो आणि 'डीआयआर /ए /क्यू' वापरतो. 'ए' मुळे लपलेल्या फायलीही येतात आणि 'क्यू' मुळे प्रत्येकीसमोर तिचा मालक दिसतो.

हा मालकाचा रकाना सोन्याचा आहे. विंडोज व्हिस्टापासून विंडोजच्या स्वतःच्या फायलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या खात्याकडे असते. ॲडमिनिस्ट्रेटर्स किंवा सिस्टम मालक असलेली फाइल एक तर कुठल्या तरी इन्स्टॉलरने आणून ठेवलेली असते, नाहीतर विंडोजने चालता चालता तयार केलेली असते. नऊपैकी आठ फायली या एका रकान्यानेच वेगळ्या पडल्या.

उरलेली एक ट्रस्टेडइन्स्टॉलरची होती. ती यादीत आली होती, कारण तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा, म्हणजे फाइल कुणाची आहे हे सांगणाऱ्या सहीचा टॅबच नव्हता. इथे खूप जण चुकतात. विंडोजच्या कित्येक फायलींची सही फाइलच्या आत नसते, ती कॅटलॉग फाइलमध्ये (अनेक फायलींसाठीची एक सही केलेली यादी) असते आणि ते कॅटलॉग सिस्टम३२ च्या कॅटरूट फोल्डरात असतात. प्रॉपर्टीजची खिडकी फक्त आतली सही दाखवते. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-खिडकीतली 'गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर' ही कमांड किंवा मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या संचातलं सिगचेक हे साधन कॅटलॉगही तपासतं. तिथे सही वैध निघाली. खात्रीसाठी मी 'एफएसयुटिल हार्डलिंक लिस्ट' आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता असं दिलं. विंडोजच्या घटक फायली मुळात विनएसएक्सएस या भांडारात असतात आणि सिस्टम३२ मधलं नाव हा त्याच फाइलला दिलेला दुसरा दरवाजा असतो. कमांडने दोन पत्ते दाखवले, त्यातला एक विनएसएक्सएसचा. त्या लांबलचक फोल्डरनावात घटकाचं नाव आणि आवृत्ती दोन्ही वाचता येतात. बाहेरच्या इन्स्टॉलरने ठेवलेल्या फाइलचा सहसा एकच पत्ता येतो. ही चाचणी फार कमी लोक वापरतात, पण माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी हीच.

चार फायली नुसत्या वाचूनच सुटल्या. परफस्ट्रिंगबॅकअप.आयएनआय, परफसी००९.डॅट आणि परफएच००९.डॅट या संगणकाची कामगिरी मोजणाऱ्या काउंटरांच्या कुटुंबातल्या आहेत: 'सी' मध्ये काउंटरांची नावं, 'एच' मध्ये त्यांचं स्पष्टीकरण, आणि ००९ हा इंग्रजी भाषेचा क्रमांक. नवीन सॉफ्टवेअरने आपले काउंटर नोंदवले की या फायलींची तारीख बदलते, म्हणून त्या यादीत वर येतात. एफएनटीकॅश.डॅट हा फॉन्टचा साठा, तो विंडोज पुन्हा तयार करते.

विंडोज ७ वर काम करणाऱ्यांना सिस्टम३२ मध्ये '७बी२९६एफबी०' ने सुरू होणाऱ्या, आकडे-अक्षरांच्या लांब माळेसारख्या दोन लपलेल्या फायली भेटतात. एकीच्या नावात '५पी-०' येतं, दुसरीच्या '५पी-१'. नाव पाहून कुणालाही धडकी भरावी. त्या परवाना सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअर प्रोटेक्शन यंत्रणेच्या आहेत. त्यांना हात लावला तर विंडोजच्या ॲक्टिव्हेशनवरच बेतू शकतं, तेव्हा त्या तशाच राहू द्या.

पुढच्या दोन फायलींची नावं 'एसईटी' ने सुरू होणारी होती. पुढे चार आकडे-अक्षरं आणि शेवटी टीएमपी. टीएमपी म्हणजे कचरा असं समजून लोक त्या उडवतात. प्रत्यक्षात ड्रायव्हर बसवताना जुनी फाइल वापरात असली, तर विंडोजची सेटअप यंत्रणा नवी फाइल या तात्पुरत्या नावाने ठेवते आणि पुढच्या रीस्टार्टला जागच्या जागी बदलते. म्हणून आधी बघायचं ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात: सिस्टम या पोळ्यातल्या (हाइव्ह, म्हणजे रजिस्ट्रीचा एक विभाग) करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर या वाटेवर 'पेंडिंगफाइलरीनेमऑपरेशन्स' हे मूल्य आहे का. ते असेल आणि त्यात या फाइलचं नाव असेल, तर नुसतं रीस्टार्ट करा. इथे ते मूल्यच नव्हतं, म्हणजे बदल होऊन गेला होता किंवा अर्धवट सुटला होता. एक्स्टेन्शन टीएमपी असलं तरी आत काय आहे ते हेक्स एडिटरमध्ये पहिले दोन बाइट बघून कळतं. 'एमझेड' (ही फाइलपद्धत आखणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं) असेल तर ती चालवता येणारी फाइल किंवा डीएलएल, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात ती कोडची फाइल. 'पीके' असेल तर झिप, आणि 'आरईजीएफ' ही चार अक्षरं असतील तर ते रजिस्ट्रीचं पोळं. दोन्ही फायलींत एमझेड होतं. प्रत वेगळ्या फोल्डरात घेऊन शेवटी डीएलएल जोडलं, तेव्हा डिटेल्स टॅबमध्ये मूळ नाव आणि आवृत्ती दिसली. त्याच नावाची, त्याच आवृत्तीची फाइल सिस्टम३२ मध्ये आधीच होती आणि दोघींचा हॅशही (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) जुळला. म्हणजे या उरलेल्या प्रती.

हॅश काढायला पॉवरशेलमधली 'गेट-फाइलहॅश' किंवा 'सर्टयुटिल -हॅशफाइल' पुरते. सर्टयुटिलला शेवटी 'एसएचए२५६' सांगावं लागतं, नाहीतर ती एसएचए१ काढते आणि जुळवाजुळव करताना गोंधळ होतो. एसएचए२५६ चा हॅश ६४ अक्षरांचा असतो. तो व्हायरसटोटल या फायली तपासणाऱ्या संकेतस्थळाच्या शोधपट्टीत टाका, पण फाइल चढवू नका. २००४ साली सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली ही सेवा चढवलेल्या फायली तिच्या भागीदारांनाही उपलब्ध करून देते. एखाद्या फाइलमध्ये खाजगी माहिती असेल तर ती परत बोलावता येत नाही. हॅश सापडला नाही याचा अर्थ ती फाइल तिथे कुणी आणलेली नाही, एवढाच. त्यावरून ती चांगली की वाईट हे ठरत नाही.

आठवी फाइल ड्रायव्हर्स फोल्डरात होती, एसवायएस एक्स्टेन्शनची. ड्रायव्हरचा माग आयएनएफ, म्हणजे तो बसवण्याच्या सूचनांच्या फायलींतून लागतो. विंडोज फोल्डरातल्या आयएनएफ या फोल्डरात बाहेरचे ड्रायव्हर ओईएम आणि पुढे आकडा अशा नावाने नोंदवलेले असतात. त्यांच्यात फाइंडस्ट्र या शोधकमांडने नाव शोधलं तर काहीच मिळालं नाही. कारण साधं: बऱ्याच आयएनएफ फायली यूटीएफ-१६ या अक्षरसंकेतात लिहिलेल्या असतात आणि फाइंडस्ट्रला ते वाचता येत नाही. पॉवरशेलच्या 'सिलेक्ट-स्ट्रिंग'ने तोच शोध लगेच लागला. त्या आयएनएफमध्ये प्रोव्हायडर आणि ड्रायव्हरव्हर या दोन ओळी वाचल्या की कुणाचा आणि कधीचा ड्रायव्हर ते स्पष्ट होतं. त्याच फोल्डरातल्या सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग मध्ये तो कोणत्या मिनिटाला बसला तेही सापडतं. असा ड्रायव्हर काढायचा असेल तर फाइल उडवून काढू नये, विंडोजच्या 'पीएनपीयुटिल' या कमांडने काढावा.

खरी मेहनत शेवटच्या फाइलला लागली. सही नाही, आवृत्तीची माहिती नाही, नाव आठ अक्षरांचं निरर्थक, व्हायरसटोटलवर हॅश नाही. अशा वेळी फाइलकडे बघणं थांबवून तिला वापरतंय कोण हे बघायचं. 'टास्कलिस्ट /एम' पुढे डीएलएलचं नाव दिलं तेव्हा एकच प्रक्रिया आली: स्पूलएसव्ही.ईएक्सई, म्हणजे छपाईची सेवा. सिसइंटर्नल्सच्या ऑटोरन्समध्ये (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी देणारं साधन) 'प्रिंट मॉनिटर्स' या टॅबवर तीच फाइल नोंदलेली होती, म्हणजे ती पोर्ट मॉनिटर (छपाईचं काम प्रिंटरकडे पोचवणारा भाग) होती. ही जागा मालवेअरच्याही आवडीची आहे, कारण स्पूलर, म्हणजे हीच छपाईची सेवा, सिस्टमच्या अधिकाराने चालतो आणि प्रत्येक सुरुवातीला ही डीएलएल स्वतः उचलतो. त्यामुळे 'छपाईचीच आहे ना' म्हणून सोडून देता येत नाही. सिसइंटर्नल्सच्या स्ट्रिंग्ज साधनाने आतला मजकूर काढला. पोर्टची नावं, त्रुटींचे संदेश आणि एका इन्स्टॉल फोल्डरचा पत्ता मिळाला. त्या नावाचं प्रिंटर सॉफ्टवेअर संगणकावरून केव्हाच काढलेलं होतं. फाइलची तयार झाल्याची वेळ आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतली एमएसआयइन्स्टॉलरची नोंद एकाच मिनिटातल्या निघाल्या. तेव्हा कुठे ओळख पटली: अनइन्स्टॉलरने मागे ठेवलेला तुकडा.

वेळांबद्दल एक सावधगिरी. फाइलची तयार झाल्याची वेळ ती इथे आल्याची असते आणि बदलल्याची वेळ बहुधा मूळ फाइलसोबत येते, म्हणून 'बदल आधी, जन्म नंतर' हे विचित्र चित्र अगदी सामान्य आहे. या वेळा खोट्याही करता येतात, तेव्हा त्यांना लॉगची साक्ष लागते. विंडोज १० च्या फायलींच्या हेडरमधली बांधणीची तारीख कधी कधी भविष्यातली दिसते. ती तारीख नसतेच, त्या जागी मजकुरावरून काढलेली संख्या असते. त्यावरून संशय घेऊ नये.

वैध सही हाही अखेरचा पुरावा नव्हे. २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरच्या एमआरएक्ससीएलएस.एसवायएस आणि एमआरएक्सनेट.एसवायएस या ड्रायव्हर फायलींवर चोरलेल्या प्रमाणपत्रांच्या खऱ्या सह्या होत्या. आणि 'एसएफसी /स्कॅननाउ' ने सगळं ठीक सांगितलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ते विंडोजच्या संरक्षित फायली बिघडल्या आहेत का एवढंच बघतं. त्या फोल्डरात बाहेरून काय आलं आहे, हे ते विचारतही नाही.

काढताना आधी रीस्टोअर पॉइंट घेतला, पत्ता, मालक आणि हॅश लिहून ठेवले. प्रिंट सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमधून त्या मॉनिटरचे पोर्ट काढले, मग रजिस्ट्रीत कंट्रोल, प्रिंट, मॉनिटर्स या वाटेवरची त्याची 'की' (रजिस्ट्रीतली नोंद) निर्यात करून काढली आणि स्पूलर सेवा पुन्हा सुरू केली. फाइल आधी आणि की नंतर असा क्रम केला तर स्पूलर नसलेली डीएलएल शोधत बसतो. टास्कलिस्टमध्ये नाव दिसेनासं झाल्यावर फाइलच्या शेवटी 'जुनी' जोडून नाव बदललं. नाव बदललेली फाइल एका क्षणात परत आणता येते, काढलेली येत नाही. चालू असलेली डीएलएल काढता येत नसली तरी तिचं नाव बदलता येतं, त्यामुळे नाव बदललं म्हणजे ती वापरातून गेली असं मानू नये, रीस्टार्टनंतर पुन्हा टास्कलिस्ट बघावी. दोन आठवडे छपाई, स्कॅनिंग आणि दोन विंडोज अपडेट सुरळीत गेल्यावर ही फाइल आणि एसईटीच्या त्या दोन प्रती कायमच्या काढल्या. बाकीच्या सहा जिथे होत्या तिथेच आहेत.