मोत माउलीच्या वाटेवर बाबांची वही

निघायच्या चार दिवस आधी आईने वही माझ्या हातात दिली. शाळेची दोनशे पानी वही, कोपरे झिजून गोल झालेले, पुठ्ठ्यावर प्लास्टिकचं कव्हर. आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे आमच्या चर्चच्या गावांतून, दर सप्टेंबरात वसईहून वांद्र्याच्या मोत माउलीला, डोंगरावरच्या मारियामातेच्या चर्चला, चालत जातात, आणि गेली एकवीस वर्षं ही वही बाबांच्या पिशवीतून जायची. यंदा बाबा खाटेवर आहेत. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डोळे सगळं बोलतात आणि डावा हात थोडंफार.

वहीचं काम साधं आहे. ज्यांना चालवत नाही ते नाव लिहून देतात आणि आपल्या नावाने माउलीला काय वाहायचं ते सांगतात. वांद्र्याच्या डोंगरावर चर्चबाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात: हात, पाय, डोकं, बाळ, घर, मोटार, विमानसुद्धा. ज्याचं जसं मागणं, तसं मेण. बाबा नाव लिहायचे, पुढे वस्तू, पुढे पैसे, आणि वाहून झालं की शेवटी बरोबरची खूण.

त्या चार दिवसांत आमच्या ओटीवर माणसं येत राहिली. बाबांची खाट ओटीवरच असते, म्हणजे त्यांच्यासमोरच सगळं चालू होतं. पहिल्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या पहाटेच्या उपासनेला, घंटा वाजवणारे काका आले, गुडघ्यासाठी 'पाय – १' सांगून गेले. क्रुसाजवळ राहणाऱ्या मावशींनी पदराच्या गाठीतली पन्नासची घडी काढली. "घर लिही गं. माझ्यासाठी नाही. पोरीचं भाड्याचं आहे, दर अकरा महिन्यांनी हलतात." गायनवृंदातल्या मुलीने 'बाळ' सांगितलं आणि ते माझ्या कानात सांगितलं. शेजारच्या हिंदू काकू दरवर्षी नाव देतात, त्यांच्या मुलाचं परदेशातल्या नोकरीचं कधीचं अडलंय. त्यांचं विमान.

लिहिता लिहिता माझ्या लक्षात येत गेलं की स्वतःसाठी मागणारे फार थोडे. गुडघेवाले काका आणि आणखी तिघं-चौघं. बाकी सगळे दुसऱ्याचंच घेऊन आले होते. रविवारी मिस्साला एकाच बाकावर बसतो, शांतीची खूण म्हणून हात जोडतो, पण शेजारच्याच्या मनात कोणाचं ओझं आहे ते कुठे कळतं? वहीत कळतं. बाबांना एकवीस वर्षं सगळ्या गावाचं माहीत होतं आणि त्यातलं एक अक्षर त्यांनी घरी कधी काढलं नाही.

बाबांचं धरून एकूण त्रेचाळीस नावं झाली. शेवटी मी बाबांना विचारलं, "तुमच्यासाठी काय लिहू?" त्यांनी डावा हात हलवला. नको म्हणाले, की वही बघू म्हणाले, मला समजलं नाही. मी त्यांच्या नावापुढची जागा कोरी ठेवली.

शनिवारी संध्याकाळी सातची घंटा झाली, देवदूताची प्रार्थना म्हटली, फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं आणि आम्ही अडतीस जण निघालो. पुढे क्रूस, मागे टेम्पो. टेम्पोत पाणी, उकडलेली अंडी, मलमाच्या बाटल्या आणि एका घराने दिलेली सुकेळी. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली ही सुकेळी म्हणजे आमच्या वसईची खरी शिदोरी. दोन खाल्ली की तासभर भूक आठवत नाही.

नायगावच्या पुलावरून पूर्वेला उतरलो, जूचंद्र मागे टाकलं आणि बापाण्याला हायवे लागला. तोवर गाणी जोरात होती. आमच्यात एक जण ढोलकी उत्तम वाजवतात, मातेची गाणी भजनाच्या चालीत म्हणतो आम्ही, टाळही असतात. हायवेवर मात्र गाणं आपोआप थांबतं. कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जातात, पावसाने खड्डे भरलेले, एका रांगेत चालावं लागतं. मग जपमाळ सुरू होते. पुढचा 'नमो मारिया' म्हणतो आणि मागचे उरलेली अर्धी प्रार्थना पुरी करतात. ट्रक गेला की मधले शब्द बुडतात, तरी शेवट बरोबर जुळतो. माळ जमिनीवर बसून म्हटली की माझं मन दहा ठिकाणी जातं. चालताना पाऊल आणि मणी एका ठेक्यात पडतात, मन कुठे जात नाही.

अनेक जण विचारतात, लोकलने तासाभरात वांद्रे येतं, मग हा पन्नासेक किलोमीटरचा जीव कशाला काढायचा? हायवेची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. रात्री चालणाऱ्यांनी चमकणारे पट्टे लावलेच पाहिजेत आणि लहान मुलांना आणू नये, हे माझं ठाम मत आहे. पण माझी आजी याच लोकलने भाजीच्या पाट्या घेऊन पहाटे वांद्र्याला जायची. पोटासाठी रोज गाडीने जाणारी ती बाई माउलीला मात्र पायी जायची. "कामाला जाते तशी आईकडे कशी जाऊ?" म्हणायची. याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

साडेअकराच्या सुमारास वर्सोवा पुलावर आलो. खाली वसईची खाडी, भरतीचं पाणी काळं आणि संथ. पूल ओलांडला की वसई सुटते. आमचा वसई धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा चर्चचा विभाग, १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. कागदोपत्री वांद्रे आता दुसऱ्या धर्मप्रांतात आहे, पण पुलावर क्रूस थांबवून मागे वळून गावासाठी एक प्रार्थना म्हणायची आणि पुढे निघायचं, ही बाबांच्या वेळची पद्धत कोणी मोडलेली नाही. ती सुरू करायचे बाबाच. यंदा पुलावर आलो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सुरुवात केली आणि 'आमच्या बापा'च्या दुसऱ्याच ओळीला आवाज गेला. पुढचं मागच्यांनी म्हटलं.

काशिमिऱ्याला गणपतीचा मांडव अजून उतरवायचा होता. गणपती गेलेले, रिकाम्या चौथऱ्यावर दिवा लावलेला. मंडळाच्या पोरांनी आम्हाला थांबवून चहा पाजला. एकाने विचारलं, "कुठली दिंडी?" ढोलकीवाले म्हणाले, "मोत माउलीची." "माउलीची होय!" म्हणून त्याने क्रुसाला हात जोडले आणि आणखी खुर्च्या मागवल्या.

तीन वाजता बोरिवलीला नॅशनल पार्कच्या जवळ थांबलो. तळव्यांना फोड आले होते. एक सिस्टर गुडघ्यांवर बसून एकेकाच्या पायाला मलम लावत होत्या. मी दिव्याखाली वही उघडली, हिशेब जुळतो का बघायला, आणि सहज मागची पानं चाळली. अक्षर बाबांचं, लहान आणि ताठ. दहा वर्षांपूर्वीची नावं. त्यातली कितीतरी माणसं आता चर्चमागच्या दफनभूमीत आहेत. 'पाय – १', 'डोळे – १', 'घर – १'. एका वर्षी एकाच घरातल्या चौघांची चार डोकी. त्या वर्षी त्या घरात काय झालं होतं ते मला आठवलं आणि मी पान उलटलं. प्रत्येक वर्षाच्या यादीत शेवटचं नाव बाबांचं. त्यापुढे दर वर्षी तेच: 'साधी मेणबत्ती – १'.

एकवीस वर्षं. आईचं ऑपरेशन झालं त्या वर्षीही, माझं लग्न मोडलं त्या वर्षीही. बाबा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत, चर्चच्या गरिबांना मदत करणाऱ्या मंडळात, होते, महिन्याचं धान्य कोणत्या घरी पोचलं नाही याची काळजी करणारा माणूस. आम्हाला वाटायचं, स्वतःच्या घरासाठी ते माउलीकडे काय काय मागत असतील. मी पेन काढलं आणि यंदाच्या कोऱ्या जागेत लिहिलं, साधी मेणबत्ती – १.

गोरेगाव, अंधेरी, पार्ले कसे गेले सांगता येत नाही. पाय आपले चालत होते. सांताक्रूझला उजाडलं. हिल रोडला लागलो तेव्हा आजूबाजूला आमच्यासारखेच जथे होते. कोणी अनवाणी, कोणी लेकराला खांद्यावर घेतलेलं, कितीतरी बायांच्या कपाळावर कुंकू. माउलीचा जन्मदिवस ८ सप्टेंबरचा, त्यानंतरच्या रविवारी जत्रा भरते आणि आठवडाभर चालते. डोंगराच्या चढावर सगळ्यांची चाल एकच होते, हळू.

'मोत' हे पोर्तुगीज 'मोंते'चं, म्हणजे डोंगराचं, कोळ्यांच्या तोंडी झालेलं रूप. 'माउली' मात्र आपली. समुद्रात मूर्ती सापडेल असं एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि तशी ती सापडली, ही कथा चढताना कोणीतरी दरवर्षी सांगतंच. यंदा आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या आजींनी दुसरी सांगितली. १७०० च्या सुमारास अरबी चाचे आले. मूर्तीच्या हातातली वस्तू सोन्याची वाटली म्हणून त्यांनी माउलीचा उजवा हातच तोडून नेला. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली असेन. पण या वेळी मी मधेच थांबले. मागचा माणूस अंगावर आदळला.

दुकानांसमोर यादी वाचून एकेक वस्तू घेत गेले. पाय, घर, बाळ, विमान. मेणाचा वास, पिशवी जड होत चाललेली. दुकानदारीणबाईंनी एक हात पुढे केला. उजवा, मनगटापर्यंत, फिकट पिवळा, तळव्यावर रेषासुद्धा कोरलेल्या. मी तो हातात घेतला. उन्हात ठेवलेला असल्यामुळे कोमट होता. मार्चपासून बाबांचा उजवा हात मी रोज चोळते, तो नेहमी गार लागतो.

बाबांनी मागितली असती ती साधी मेणबत्ती मी घेतलीच. मग वही दुकानाच्या फळीवर ठेवली आणि त्रेचाळीस नावांखाली चव्वेचाळिसावं लिहिलं, माझं. पुढे 'उजवा हात – १'.

आतल्या गर्दीत माउलीसमोर फार वेळ उभं राहता येत नाही. आजचं दगडी चर्च १९०४ चं आहे, पण आमच्यासाठी ती रांग त्याहून जुनी आहे. आजी उभी राहिलेली, बाबा उभे राहिलेले. मी मोठ्याने एकेक नाव घेतलं आणि वस्तू वाहिली. बाळ वाहताना नाव मनातच घेतलं. मेणाचा हात ठेवताना काही मागायचं सुचलंच नाही. एवढंच म्हटलं, तुला माहीत आहे.

दुपारच्या लोकलने परतलो. घरी आले तर बाबा ओटीवर उशीला टेकून बसलेले, डोळे फाटकावर. मी पाय धुतले आणि वही त्यांच्या मांडीवर उघडली. त्यांनी डावं बोट पहिल्या नावावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाहिलं, बाबा."

बोट खाली सरकलं. क्रुसाजवळच्या मावशी. "वाहिलं." हिंदू काकू. "वाहिलं." खूण केलेली समोर दिसत होती, तरी प्रत्येक नावाशी थांबून त्यांनी पाहिलं आणि प्रत्येक नावाला मी सांगितलं. आई दारात येऊन उभी राहिली. स्वतःच्या नावाशी बोट थांबलं, पुढे साधी मेणबत्ती वाचली आणि त्यांनी मान हलवली. मग बोट आणखी एक ओळ खाली आलं, आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

"वाहिलं, बाबा," मी म्हटलं.