खडी, डांबर आणि त्यांच्यामधले प्लास्टिक

प्लास्टिक मिसळून बांधलेल्या रस्त्याची बातमी आली की तीत हमखास एकच आकडा पुढे केला जातो, तो म्हणजे त्या रस्त्यात किती टन कचरा जिरला याचा. मला हा आकडा नेहमी अपुरा वाटत आला आहे. रस्ता म्हणजे कचरा पुरण्याची लांबट जागा नव्हे. प्लास्टिक घातल्याने रस्ता अधिक काळ टिकत असेल तर त्या पद्धतीला अर्थ आहे; तसे होत नसेल तर आपण केवळ एका जागेचा कचरा दुसऱ्या जागी नेऊन ठेवला, एवढेच म्हणता येईल.

डांबरी रस्ता लवकर खराब होण्याची कारणे अनेक असली तरी त्यांतले सर्वांत चिवट कारण म्हणजे पाणी. बोलताना आपण ज्याला डांबर म्हणतो ते आज बहुतेक ठिकाणी खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारे बिटुमेन असते. (दगडी कोळशापासून मिळणारे मूळ डांबर रस्त्यांवरून केव्हाच मागे पडले, नाव मात्र राहिले.) हे बिटुमेन तेलकट स्वभावाचे असते, तर खडीच्या पुष्कळ प्रकारांना तेलापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. त्यामुळे भेगांतून झिरपलेले पाणी खडी आणि बिटुमेन यांच्या मध्ये शिरते, वरून जाणाऱ्या चाकांच्या दाबाने आणखी आत ढकलले जाते आणि हळूहळू खडीवरचे आवरण सोलून काढते. आवरण सुटले की खडी मोकळी होते आणि ती निघून गेलेल्या जागेला आपण खड्डा म्हणतो.

प्लास्टिक नेमके या जागी उपयोगी पडते. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी जी कोरडी पद्धत विकसित केली, तिच्यात प्लास्टिक बिटुमेनमध्ये न मिसळता आधी तापलेल्या खडीवर टाकले जाते. साधारण 160 ते 170 अंश सेल्सिअस तापमानाच्या खडीवर दोन-चार मिलिमीटरचे तुकडे पडताच ते मऊ होऊन पसरतात आणि प्रत्येक खड्यावर पातळ थर चढतो. दगडाची बारीक छिद्रे त्यामुळे झाकली जातात. नंतर बिटुमेन ओतले की त्याची गाठ उघड्या दगडाशी न पडता या थराशी पडते आणि दोन्ही पदार्थ हायड्रोकार्बन (मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांपासून बनलेल्या) कुळातले असल्याने ती पकड अधिक घट्ट बसते. 2002 मध्ये त्या महाविद्यालयाच्या आवारात असा रस्ता करण्यात आला, तर 2018 मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. दरम्यान 2013 मध्ये रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने या कोरड्या पद्धतीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

ओल्या पद्धतीत प्लास्टिक थेट गरम बिटुमेनमध्ये घोटले जाते. तिच्यासाठी जोरदार ढवळणारी वेगळी यंत्रे लागतात, शिवाय पॉलिथिन वजनाने हलके असल्याने मिश्रण साठवून ठेवले की ते वर तरंगून वेगळे होऊ लागते. कोरडी पद्धत मात्र नेहमीच्या हॉट मिक्स प्लँटवर (खडी आणि बिटुमेन तापवून मिसळणाऱ्या यंत्रणेवर) थोडा फेरफार करून चालवता येते.

आता त्या टनांच्या आकड्याकडे येऊ. 3.75 मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्त्यावर 25 मिलिमीटरचा थर द्यायचा म्हटले तर मिश्रण सुमारे 215 टन लागते. त्यात बिटुमेन पाच टक्के, म्हणजे जेमतेम 11 टन, आणि बिटुमेनच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के प्लास्टिक धरले तर ते भरते 650 ते 860 किलो. पाच ग्रॅमची एक पिशवी धरली तर हा दीड लाखाच्या आसपास पिशव्यांचा ढीग होतो, आणि तो लहान नाही. पण संपूर्ण मिश्रणाच्या तुलनेत प्लास्टिक अर्धा टक्कासुद्धा नसते. प्रमाण वाढवून अधिक कचरा खपवण्याचा मोह इथेच आवरायला हवा, कारण प्लास्टिक जास्त झाले तर मिश्रण कडक होते आणि कडक थराला थंडीत किंवा वारंवार वाकण्याने चिरा जातात.

कोणते प्लास्टिक चालेल, हा तर त्याहून नाजूक भाग आहे. पिशव्यांचे कमी घनतेचे पॉलिथिन 110 अंशांच्या आसपास वितळते, जास्त घनतेचे पॉलिथिन 130 च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन 160 च्या पुढे. ही सर्व तापलेल्या खडीच्या टप्प्यात येतात. पाण्याच्या बाटल्यांचे ‘पेट’ (PET) नावाचे प्लास्टिक वितळायला सुमारे 250 अंश लागतात, त्यामुळे त्याचे तुकडे तसेच राहतात. पीव्हीसी तर पूर्णपणे वर्ज्य, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो आणि त्याचा पहिला मारा प्लँटवर उभ्या असलेल्या कामगाराच्या डोळ्यांवर व छातीवर होतो. म्हणून या पद्धतीचे यश यंत्रापेक्षा वर्गीकरणाच्या टेबलावर अधिक ठरते, असे माझे मत आहे. माती लागलेले, ओले किंवा सरमिसळ प्लास्टिक आले की खडीवर एकसारखा थर चढत नाही आणि मूळ हेतूच हुकतो.

ज्या प्लास्टिकपासून पुन्हा बादली किंवा डबा होऊ शकतो, ते रस्त्यात घालण्याच्या मी विरोधात आहे. रस्त्यासाठी योग्य ते, ज्याला दुसरे कोणी हात लावत नाही: मळलेल्या, पण धुऊन वाळवलेल्या पातळ पिशव्या आणि वेष्टनांचे तुकडे.

सूक्ष्म प्लास्टिकचा आक्षेपही झटकून टाकण्याजोगा नाही. वितळून दगडाला चिकटलेला आणि वरून बिटुमेनने झाकलेला थर सुट्या कणांसारखा वाऱ्यावर उडत नाही, हे खरे. परंतु पृष्ठभाग झिजतो तेव्हा त्या झिजेत प्लास्टिकही असणारच. रस्त्यावर टायरच्या झिजेतून पडणारे कणही असतात, त्यामुळे तुलना करायची तर ती शेजारच्या साध्या डांबरी रस्त्याशी करावी लागेल. जुना थर खरवडून पुन्हा वापरताना जी धूळ उडते, तिच्याकडेही याच नजरेने पाहायला हवे.

या सगळ्यात एक साधी चाचणी मला फार बोलकी वाटते. बिटुमेन चढवलेली खडी 40 अंशांच्या पाण्यात 24 तास बुडवून ठेवतात आणि नंतर किती पृष्ठभाग उघडा पडला, ते नुसत्या डोळ्यांनी पाहून ठरवतात. प्लास्टिकचा थर असलेली आणि नसलेली खडी शेजारी शेजारी अशी बुडवावी आणि रस्त्याच्या फलकावर टनांऐवजी दुसऱ्या दिवशी दिसलेला फरक लिहावा.