तुम्ही विचारलंत म्हणून: बाहुली नव्यासारखी का करून देत नाही

"ओठांना रंग लावायला नाही म्हणता, आणि नऊवारी मात्र कोरी करकरीत शिवून देता. हे कसं?" जुनी बार्बी दुरुस्तीला आणणारं जवळजवळ प्रत्येक घर मला हे विचारतं. कुणी कुतूहलाने, कुणी चिडून. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

कपडे काढता येतात. रंग काढता येत नाही. मूळ वस्तूला धक्का न लावता जे उद्या कुणालाही उलटवता येईल, तेवढंच करायचं, असा माझा नियम आहे. ॲक्रिलिक रंग पुसता येतो, असं मला ऐकवलं जातं. येतो ना. पण ज्या द्रावणाने तो निघतो, त्यानेच खालचा साठ वर्षांपूर्वीचा मूळ रंगही उतरतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन तर रंग नेतंच, वर कडक प्लास्टिकही विरघळवतं. रंगावर मारायचे काही स्प्रे व्हायनलवर, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लास्टिकवर, कधीच पूर्ण वाळत नाहीत. चेहरा कायमचा चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसत जाते.

अजून एक खुलासा, कारण त्यावरूनही वाद होतात. कमरेखाली मागच्या बाजूला १९६६ कोरलंय म्हणून बाहुली १९६६ ची ठरत नाही. ते धडाच्या हक्कनोंदणीचं साल आहे आणि पुढची कित्येक वर्षं तोच आकडा छापला गेला. बार्बी बाजारात आली १९५९ मध्ये. वाकणारे गुडघे आले १९६५ मध्ये, फिरणारी कंबर १९६७ मध्ये. वय ठरवायचं तर पाय, कंबर, पापण्या आणि केस बघावे लागतात.

धुणं सोपं आहे. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. केसांना साधा शांपू लावायचा, पण उकळतं पाणी अजिबात नाही. जुन्या बाहुल्यांचे सारान नावाच्या कृत्रिम धाग्याचे केस जास्त उष्णतेने आक्रसतात आणि मग त्यांना काही इलाज उरत नाही. पाणी डोक्यात शिरलं तर ते बाहेर काढणं भाग असतं, त्यासाठी डोकं उतरवावं लागतं आणि नेमकी तिथे घाई नडते. मानेचा रबरासारखा घेर थंड असताना ओढला तर उभा चिरतो. हेअर ड्रायरची गरम हवा मिनिटभर देऊन, बोटाला मऊ लागला की एका बाजूने तिरका काढायचा. चिकट झालेल्या पायांना पावडर लावून तो चिकटपणा जात नाही, कारण तो आतून येतो. व्हायनल मऊ राहावं म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य वर्षांनुवर्षं बाहेर पाझरत राहतं. आपल्या दमट हवेत तर ते फारच जाणवतं.

पण माझा नियम खरा अडकतो तो कानांपाशी.

जुन्या बार्बीच्या कानांतल्या मोत्यांची काडी तांब्याच्या मिश्रधातूची असे. व्हायनलमधलं द्रव्य आणि त्यातून सुटणारं आम्ल ती काडी खातं. तयार होणारे तांब्याचे हिरवे क्षार पृष्ठभागावर थांबत नाहीत, ते आत मुरतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी साठच्या दशकात पुण्याला पाठवलेली एक तपकिरी केसांची बाहुली दुरुस्तीला आली, तेव्हा हिरवा डाग कानापासून गालावर दोन सेंटीमीटर पसरला होता. मोती जागेवर होते. बारीक पकडीने सरळ रेषेत ओढल्यावर डावा मोती काडीसकट निघाला. उजव्या कानात मोती हातात आला आणि काडी आतच तुटून राहिली. कान गरम हवेने मऊ करून ती टाचणीने मागून ढकलावी लागली. बाहेर आली तेव्हा ती खडबडीत, हिरवट काळी होती आणि मूळ जाडीच्या निम्मीही नव्हती.

यावर उपाय म्हणजे मुरुमांवर लावतात ते बेन्झॉइल पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात सहसा २.५ किंवा ५ टक्क्यांचं जेल मिळतं. केस मागे घेऊन पातळ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायचे. भुवया आणि ओठ यांच्यापासून जेल लांब ठेवायचं, कारण ते रंग उडवतं. कानाच्या भोकात लाकडी काडीने जेल भरायचं, डागावर जाडसर थर द्यायचा, वाळू नये म्हणून वरून प्लास्टिकची फिल्म लावायची. रोज पुसून नवा थर. जुन्या डागाला असे तीन-चार आठवडेही लागतात. उन्हात ठेवलं तर काम लवकर होतं, पण मग शेजारचं कातडंही फिकं पडतं.

त्या बाहुलीचा हिरवा गेला. त्या जागी गाल बाकीच्या चेहऱ्यापेक्षा थोडा फिकट दिसू लागला. आणि पुढच्या पावसाळ्यात भोकाच्या कडेला हिरवी छटा पुन्हा उमटली, कारण खोलवर राहिलेले क्षार हळूहळू वर येत होते. तिच्या मालकीणबाईंनी तेव्हा नेमकं बोट ठेवलं. "अहो, हे पेरॉक्साइड उलटवता येतं का? नाही ना? मग त्या फिकट गालावर थोडा कातडीचा रंग लावायला तुमची काय हरकत आहे?"

याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. पूर्वी मी हिरव्या कानांना हातच लावत नसे. कानातले काढायचे, डाग तसाच ठेवायचा, असं माझं ठाम मत होतं. तो डागही बाहुलीच्या आयुष्याचा भाग आहे, असं मी सांगत असे. आज मला ते पटत नाही. तांबं पसरत राहतं. ते तिथेच थांबलेलं वय नाही, चालू असलेली झीज आहे, आणि चालू झीज थांबवणं हे रंगवण्यापेक्षा वेगळं काम आहे. पण काडी काढली की झीज बरीचशी थांबते, उरलेला हिरवा घालवणं हे शेवटी दिसण्यासाठीच असतं, हा मुद्दाही खोडता येत नाही. गाल मी रंगवला नाही. बाईंचं समाधान झालं नाही आणि माझंही पूर्ण झालं आहे असं नाही.

आता नऊवारीबद्दल. कपडे शिवणं म्हणजे हौस, दुरुस्ती हे खरं काम, असं समजू नका. चुकीचा कपडा बाहुलीला चुकीच्या रंगाइतकाच कायमचा डाग देतो.

बाहुली २९ सेंटीमीटरची, म्हणजे माणसाच्या एक षष्ठांश. नऊवारीची लांबी ८.२ मीटर धरली तर हिशेबाने १३७ सेंटीमीटर येते आणि पन्हा १९. पण कापडाची जाडी काही सहा पटीने कमी होत नाही. पूर्ण लांबीचं नेसवलं की ८ सेंटीमीटरच्या कमरेवर गाठोडं होतं आणि काष्ट्यामुळे पाय फाकतात. म्हणून शिवलेली नऊवारी. दोन पाय वेगळे कापायचे, समोर निऱ्यांची सुटी पट्टी, मागे काष्टा, खांद्यावर पदर. निऱ्या सात, प्रत्येकी ५ मिलिमीटर. ओल्या फडक्याखाली एकेक दाबून, वरच्या कडेला हाताने धावदोरा घालायचा. कापड वापरून विरलेली मलमल किंवा जुनं सुती लुगडं. जुनं रेशीम घेऊ नका, निरीच्या घडीवर ते चिरतं. खणाची आणि पैठणीची नक्षी या मापाला फार मोठी पडते. काठ १ सेंटीमीटरहून रुंद नको.

आणि जर. सगळे हौसेने आजीच्या शालूचा तुकडा आणतात. नकली जरीत बहुतेकदा तांब्याची तार असते, म्हणजे जे कानांतून काढलं तेच अंगभर नेसवायचं. एक धागा उसवून ज्योतीजवळ धरा. आक्रसून गोळी झाली तर ती प्लास्टिकची जर, आणि बाहुलीला तीच हवी. ही गोष्ट पटवून देताना मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं.

चोळीला छाती १३.५ सेंटीमीटर, त्यात पाऊण सेंटीमीटर सैल. शिवणीला ५ मिलिमीटर, टाका दीड मिलिमीटरचा, मशीनला ९ नंबरची सुई. बाही बगल शिवण्याआधी, कापड सपाट असतानाच जोडायची, नंतर त्या भोकात बोट जात नाही. आत पांढरं धुतलेलं अस्तर हवंच. लाल, मरून आणि काळा रंग व्हायनलमध्ये उतरतो आणि धुऊन निघत नाही. कापड आधी ओलं करून पांढऱ्या फडक्यात इस्त्री करून बघा, फडक्यावर जरा जरी रंग आला तरी ते कापड बाद. मागे टिच बटण प्लास्टिकचं, धातूचं नाही. घालताना हाताला कागदाची गुंडाळी करा, नाहीतर बोटं बाहीत अडकतात.

प्रत्येक बाहुलीबरोबर मी चिठ्ठी देते: काय धुतलं, कुठे पेरॉक्साइड किती टक्क्यांचं लावलं, कोणता कपडा नवा आहे. मूळ कपडा फाटका असला तरी वेगळ्या सुती पुरचुंडीत परत जातो.

बाहुली आणायला वेळ लागणार असेल तर निदान कानातले आजच काढून ठेवा. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांपासून तिला बाजूला करा, त्या प्लास्टिक खराब करतात. केसांना रबरबँड असेल तर तो कापून काढा, ओढू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, जुन्या सुती कापडात गुंडाळा. ओठांचं आपण समोरासमोर बोलू.